पडद्याचं इंजेक्शन : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

पांढुर्णा-सौसरकडे डोळ्याच्या पडद्याचं काही निघालं की वाट नागपूरची. तिथे डॉक्टर म्हणतात, "शुगरमुळे पडद्याला सूज आहे, इंजेक्शन द्यावं लागेल." पेशंट घरी पोहोचायच्या आत गल्लीत बातमी पसरते की डोळ्यात सुई खुपसणार.

सुई बुबुळात जात नाही. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारखी बारीक सुई काही सेकंद आत जाते. औषध ०.०५ मिलिलिटर, जेमतेम एक थेंब. दाब जाणवतो, पण बऱ्याच जणांना सुईपेक्षा आयोडीनची चुरचुरच जास्त छळते. पांढऱ्यावर लाल डाग पडला किंवा नजरेसमोर ठिपके तरंगले तर चार-आठ दिवसांत ते सहसा जातात. मात्र पुढच्या काही दिवसांत ठणका वाढला, लाली वाढली, नजर मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आतला जंतुसंसर्ग दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखाद्याला होतो, पण झाला तर एकेक तास मोलाचा असतो.

"एक घेतलं, झालं काम" हा गैरसमज मला सगळ्यात महागाचा वाटतो. शुगरने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पडदा उपाशी पडतो आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्याने वाहिन्या पाझरतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात. इंजेक्शन हे प्रथिन बांधून ठेवतं, पण औषध काही आठवड्यांत ओसरतं आणि शुगर जागेवरच असते. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला एक आणि पुढे ओसीटी स्कॅनमध्ये सूज पाहून. पहिल्या वर्षात आठ-दहाही लागू शकतात. फॅरिसिमॅबसारख्या नव्या औषधांनी काहींच्या बाबतीत हे अंतर चार महिन्यांपर्यंत नेलं आहे.

आता संत्र्याचा तोडा सुरू असताना दर महिन्याला नागपूर कोण करणार? हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावं, त्यात संकोच कसला? कच्च्या वाहिन्या फुटलेल्या अवस्थेत नुसत्या इंजेक्शनवर असलेला पेशंट मध्येच गायब झाला, तर लेझरचा उपचार घेतलेल्यापेक्षा त्याचं नुकसान जास्त होतं. लेझरचा परिणाम टिकतो. येणं जमणार नाही हे माहीत असेल तर डॉक्टर तसा बेत आखतात.

"स्वस्तातलं म्हणजे कॅन्सरचं औषध, डुप्लिकेट!" यातलं अर्धं खरं आहे. हे स्वस्तातलं औषध म्हणजे बेव्हासिझुमॅब. त्याला २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. २०११ मध्ये म्हातारपणच्या पडदा-विकारावरच्या मोठ्या तुलनेत ते रॅनिबिझुमॅब या महागड्या इंजेक्शनच्या तोडीचं ठरलं, आणि २०१३ पासून डोळ्यासाठी ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. गुजरातेतल्या काही पेशंटना त्रास झाल्यावर जानेवारी २०१६ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यातला त्याचा वापर थांबवला होता, मार्चमध्ये बंदी उठली. जोखीम मुख्यतः वाटणीत असते : १०० मिलिग्रॅमच्या कुपीतून सव्वा-सव्वा मिलिग्रॅमचे डोस काढताना स्वच्छतेत जरा कसूर झाली की घात. तेव्हा डोस कुठे आणि कसा भरला, हे विचारायला लाजू नका. एकाच डोसची कुपी हवी असेल तर रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीही २०१५ पासून मिळते.

पडद्याच्या प्रत्येक दुखण्याला हे इंजेक्शन चालत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या खेळात, डोळ्याला दगड बसून पडदा सुटला, तर इंजेक्शनने तो चिकटत नाही, ऑपरेशनच लागतं. मोतीबिंदूवर आणि चष्म्याच्या नंबरवरही त्याचा उपयोग नाही.

"मला तर स्वच्छ दिसतं" म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. पडदा बिघडू लागतो तेव्हा बहुधा काहीच कळत नाही. चाळिशी-पन्नाशीत लागलेल्या शुगरचं निदान झालं की लगेच, आणि पुढे दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. अलीकडे हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर इंजेक्शनाआधी डॉक्टरांच्या कानावर घालावं. बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास नजर धूसर राहते, तेव्हा मोटारसायकल घरी ठेवून सोबत कुणाला तरी घेऊन जायचं.