जुन्या फियाटच्या इंजिनातील तेलाचा दाब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनातील तेलाचा दाब पंप निर्माण करतो, हा या विषयातला मूळ गैरसमज. पंप तेल फक्त पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो त्या तेलाची वाट अडल्यामुळे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या बारीक फटीतून तेल जितके सहज निसटेल तितका दाब कमी. म्हणून नुकत्याच बांधलेल्या इंजिनात मीटरचा काटा वर येत नसेल, तर पंप कसा आहे यापेक्षा तेल कुठून निसटते आहे हे आधी विचारावे लागते.

मुंबईत हा प्रश्न बहुतेकदा फियाट 1100 आणि तिचेच पुढचे नाव असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाड्यांचे पेट्रोल इंजिन 1089 सीसीचे: बोअर 68 मिमी, स्ट्रोक 75 मिमी, आणि क्रँकला तीनच मेन बेअरिंग. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. मागे राहिल्या त्या हौसेने जपलेल्या खासगी गाड्या. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते. त्यामुळे दुसरे इंजिन बसवून मोकळे होण्यापेक्षा आहे तेच पुन्हा बांधण्याकडे मालकांचा ओढा असतो. सुटे भाग गिरगावच्या टोकाला, ऑपेरा हाऊसच्या बाजारात धुंडाळले जातात.

‘फुल इंजिन काम झाले आहे, तेव्हा बेअरिंगचा प्रश्नच नाही’ हे वाक्य गॅरेजमध्ये हमखास ऐकू येते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. धावून धावून झिजलेल्या इंजिनाचा दाब हळूहळू, वर्षानुवर्षे उतरतो. बांधल्याबांधल्या दाब नसेल तर चूक बहुधा बांधणीत असते. क्रँक घासून दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच बारीक केला जातो आणि त्याच मापाची जाड बेअरिंग बसवावी लागतात. जुन्या मालाच्या खोक्यावर ‘वीस’ लिहिलेले असले तरी आत तेच निघेल याची खात्री नसते. साधारण संकेत असा, की जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या, दर इंच व्यासामागे फट एक हजारांश इंच असावी. म्हणजे दोन इंचांच्या जर्नलला सुमारे 0.05 मिमी. अंतिम शब्द अर्थात उत्पादकाच्या पुस्तकाचा. फटीतून वाहणारे तेल ढोबळमानाने फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. केसाएवढ्या फरकाने काटा का पडतो, याचे उत्तर या गणितात आहे.

ही फट डोळ्यांनी किंवा हाताने हलवून कळत नाही. मायक्रोमीटरने जर्नलचे माप आणि टोप्या टॉर्क पान्याने आवळून बेअरिंगचे आतले माप घ्यावे लागते, नाहीतर प्लास्टिगेज वापरावे लागते. मेणासारखा हा बारीक धागा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवून टोपी आवळायची, क्रँक अजिबात न फिरवता ती पुन्हा काढायची आणि चपटा झालेला धागा किती पसरला ते पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचे. रुंद पट्टा म्हणजे कमी फट, अरुंद म्हणजे जास्त. पट्टा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद आला तर जर्नल निमुळता घासला गेला आहे.

दाब मोजण्याआधी मीटरवरच शंका घ्यावी. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण पाच ते सात पीएसआयला विझतो. तो विझला म्हणून दाब पुरेसा आहे असे मुळीच नाही. उलट या दिव्याचा स्विच बिघडला असेल, तर निरोगी इंजिनातही दिवा पेटत राहतो. स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावणे हा पहिला उपाय. इंजिन खोलण्याचा विचार त्यानंतरचा. आकडे थंड आणि पूर्ण तापलेल्या, अशा दोन्ही अवस्थांत घ्यावेत. दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा जुना ठोकताळा कामचलाऊ आहे.

तापल्यावर आयडलला काटा उतरणे हा आपोआप दोष ठरत नाही. 20डब्ल्यू-50 तेलाचा दाटपणा 40 अंश सेल्सिअसला दीडशे सेंटीस्टोकच्या पुढे असतो आणि 100 अंशांना तो विसाच्या आसपास येतो. मे महिन्यात दादर टीटी ते लालबाग रांगेत सरकणाऱ्या गाडीत पातळ झालेले तेल आणि मंद फिरणारा पंप एकत्र येतात. आरपीएम वाढवताच काटा वर चढत असेल आणि आकडा पुस्तकातल्या मर्यादेत असेल, तर काळजीचे कारण नाही.

इथेच दोन लोकप्रिय ‘इलाज’ पुढे येतात. पहिला, जाड तेल. त्याने काटा वर दिसतो, पण फट आहे तशीच राहते. पहाटेच्या थंड स्टार्टला ते तेल रॉकरपर्यंत उशिरा पोहोचते, ते वेगळेच. दुसरा, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर. रिलीफ व्हॉल्व्ह दाबाची वरची मर्यादा ठरवतो. गरम आयडलला तो मुळात बंदच असतो, म्हणून वॉशर घातल्याने तिथला दाब वाढत नाही; वाढतो तो थंड इंजिनातला, जिथे आधीच पुरेसा होता. अपवाद एकच: व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो उघडा राहिला असेल तर दाब सगळीकडेच कमी येतो. तेव्हा व्हॉल्व्ह काढून, बसण्याची जागा पाहून साफ करावा. वॉशर हा आजार लपवण्याचाच प्रकार.

दाब जास्त म्हणजे इंजिन चांगले, हेही खरे नाही. काटा नेहमी टोकाला चिकटलेला असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. गेज जिथे लावले आहे त्याच्या पुढे वाहिनी तुंबली, तर दाब उत्तम दिसतो आणि रॉकर मात्र कोरडे राहतात.

कमी दाबाचे आणखी एक कारण अनेकदा सुटते: तेलात मिसळलेले पेट्रोल. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, बोलीभाषेत एसी पंप. त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते आणि तिचा वास घेतला की निदान होते. हे पाच रुपयांचेही काम नाही, तरी ते शेवटी केले जाते.

दाब पहिल्या स्टार्टपासूनच शून्य असेल तर पंप कोरडा राहिला असण्याची शक्यता मोठी. पंपात बसवतानाच तेल किंवा पेट्रोलियम जेली भरावी आणि स्पार्क प्लग काढून, दाब येईपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवावे. त्यानंतरही काही नसेल तर बुचे तपासावीत. ब्लॉक उकळून साफ करताना तेलाच्या मुख्य वाहिनीची बुचे काढली जातात. आतल्या बाजूचे एखादे परत लावायचे राहिले तर तेल सरळ चेंबरमध्ये सांडते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. वळणावर किंवा ब्रेक लावताना काटा थरथरत असेल तर जाळीच्या नळीचा जोड हवा ओढतो आहे, किंवा तेलच कमी आहे.

यातून उत्तर मिळाले नाही तर चेंबर उतरवून, स्विचच्या छिद्रातून हवेच्या दाबाने तेल आत ढकलता येते. खाली बसून पाहिल्यावर नीट बसलेल्या बेअरिंगमधून तेल थेंबाथेंबाने पडताना दिसते. जिथून धार लागते तिथे दोष. क्रँक थोडा थोडा फिरवत हे पाहावे, कारण बेअरिंगचे छिद्र आणि क्रँकची वाहिनी समोरासमोर आली की धार काही क्षण साहजिकच वाढते. कॅमशाफ्टच्या बुशही याच वेळी पाहाव्यात. त्या फिरून बसल्या असतील आणि छिद्र जुळत नसेल, तर वरच्या भागाला तेलच जात नाही. पंप बदलण्याचा निर्णय या चाचणीनंतर घ्यावा, आणि तोही पंपाचे झाकण उघडून दातेचक्र व झाकण यांच्यातली फट फीलर गेजने मोजल्यावर. झाकणावर चरे पडले असतील तर काचेवर एमरी पेपर ठेवून ते सपाट घासता येते.