घरातील वडीलधारी आणि आगीचा धोका



माझी हयात कारखान्यांच्या दारात गेली. शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण गेटवरच्या सभा, लेबर कोर्टाच्या पायऱ्या आणि सार्वजनिक वाचनालय यांनी केले. तेव्हा आगीच्या विषयावर मी शास्त्रज्ञ म्हणून बोलत नाही. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी भांडणारा माणूस आपल्याच घरात काय विसरला, तेवढे सांगणार आहे.

कारखान्यात अपघात झाला की मालकपक्षाचे पहिले वाक्य ठरलेले असते : "कामगार निष्काळजी होता." आमचा सवालही ठरलेला असतो : यंत्राला जाळी का नव्हती? बाहेर पडायच्या वाटेवर माल का रचला होता? १९४८ च्या कारखाने कायद्यात आगीपासून बचावाचे स्वतंत्र कलम होते आणि ती व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर होती. घराला असा कायदा नाही, इन्स्पेक्टर नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या आईचा पदर देवघरातल्या निरांजनावर गेला. तेव्हा तिचे वय अठ्ठ्याहत्तर. शेजारच्या मुलीने धावत येऊन सतरंजी गुंडाळली, म्हणून हात पोळण्यावर निभावले. दवाखान्यातून परतताना मी आईवर चिडलो, "जरा लक्ष देत जा ना!" ती म्हणाली, "अरे, ज्योत दिसत होती. पदर कुठे गेला ते कळलं नाही." रात्री माझ्या ध्यानात आले, की मालकाचे वाक्य मी आईला ऐकवले होते. निरांजन समोर आणि फुले वाहायचे देव त्याच्या मागे, ही मांडणी आम्हीच केली होती. रोज तिचा हात ज्योतीवरून जात होता. दुसऱ्या दिवशी निरांजन बाजूला घेतले आणि त्यावर काच बसवली. काम पाच मिनिटांचे होते.

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. यातली एक काढून घेतली की आग विझते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण सरकवायचे, हवा तुटते. पाणी मात्र कधीही ओतू नये. ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चौफेर उडवते.

म्हातारपणी धोका वाढतो, कारण पहारेकरीच थकतात. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. पण वयाबरोबर नाक मंदावते. कान मंदावतात, आणि त्यातही बारीक, उंच आवाज आधी जातो. म्हणून धूर ओळखून वाजणारी घंटा घेताना जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाची मिळते का ते पाहावे. त्वचा पातळ होते, भाजणे खोल जाते. पाय तर सर्वांनाच ठाऊक आहेत. म्हणजे सूचना उशिरा मिळते आणि हालचालीलाही वेळ लागतो. ही तूट उपदेशाने भरून येत नाही. ती मांडणीने भरावी लागते.

आता घरात फिरू. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो. नळाने येणारा गॅस हलका असतो. तो छताकडे जातो. गळतीची सूचना देणारे यंत्र त्याप्रमाणे खाली किंवा वर बसवावे. वास आला तर दिव्याचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

स्वयंपाक करताना सैल बाह्या व नायलॉनचा पदर टाळावा. असे कापड वितळून अंगाला चिकटते. सुती कापडही पेटतेच, म्हणून पदर खोचलेला बरा. हीटर, इस्त्री, गिझर यांना जाड पिनांचा स्वतंत्र प्लग हवा. एकाच प्लगावर सारा संसार टांगू नये. घरात आजाऱ्याला प्राणवायू लावलेला असेल, तर त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको.

कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. वारा लागून आग भडकते. आडवे व्हावे, लोळावे, दुसऱ्याने जाड सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. चोराच्या भीतीने आपण रात्री आतून कुलूप घालतो, आणि किल्ली मात्र उशीखाली, कपाटात, सुनेच्या पर्समध्ये. ती दाराजवळच्या खिळ्यावर, अंधारात हाताला लागेल अशी हवी. चष्मा, काठी आणि फोन पलंगापाशी हवेत. धुरातून वाकून, जमिनीलगत जावे. लिफ्ट वापरू नये. दमकलासाठी १०१ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावा.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर दुपारी कापसाच्या गाठींतून धूर निघाला. चारच्या सुमारास त्यावरील स्फोटके उडाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. एवढ्या मोठ्या गोदीतही धुरापासून स्फोटापर्यंत मिळाले ते दोन-अडीच तास. आपल्या दोन खोल्यांत हाती असतात ती मोजकी मिनिटे, आणि आजोबांची दारापर्यंत जाण्यातच निम्मी संपतात.

म्हणून या रविवारी एक करा. आजी-आजोबांना पलंगावरून उठून दारापर्यंत यायला सांगा आणि घड्याळ पाहा. वाटेत जे जे आडवे येईल, ते हलवा. त्यांना रागावू नका. चूक मांडणीची आहे, आणि मांडणी आपल्या हातात आहे.