हिरडीचे कलम, पण आधी मिश्री सोडा

“डॉक्टर, माझे दात लांब व्हायला लागलेत. गार पाणी प्यायलं की कळ थेट मस्तकात जाते.” भोर-वेल्हे भागातल्या पालीहून आलेल्या एका मावशींची ही तक्रार. दात या वयात वाढत नाहीत. हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कठीण कवच नसल्याने गार, गरम, आंबट सारेच झोंबते.

दातांवर साचलेल्या थरामुळे हिरडीला येणारी सूज, ब्रश दाबून घासणे ही याची नेहमीची कारणे. आपल्याकडे त्यात मिश्रीची भर पडते. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ही पूड दिवसातून दोन-तीनदा हिरडीवर घासली जाते. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध शोधण्यासाठी डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची पाहणी केली होती. ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. मिश्रीची सवय मात्र अजून गेलेली नाही.

सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया करता येते. तेवढ्याच भागाला भूल देऊन टाळूतून ऊतीचा पातळ तुकडा काढतात आणि उघड्या मुळावर टाके घालून बसवतात. टाके साधारण एक-दोन आठवड्यांत काढतात. दोन दातांमधले हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची शक्यता चांगली असते. हाड झिजले असेल तर ते अर्धवटच झाकले जाते. म्हणून दात हलू लागेपर्यंत थांबू नये.

आंब्याचे कलम धरायला खालच्या झाडाचा रस मिळावा लागतो, तसे या तुकड्याला आजूबाजूचे रक्त मिळावे लागते. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते आणि कलम फसू शकते. शिवाय तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर आधी तीच तपासायला हवी.

हे ऐकून मावशींनी विचारले, “मिश्री लावली नाही तर सकाळी पोट कसं साफ होणार?” हा प्रश्न मी अनेकींकडून ऐकतो. शरीराला निकोटिनची सवय लागल्याने तसे वाटते. सुरुवातीचे काही दिवस जड जातात. कोमट पाणी, पालेभाजी आणि घरच्यांची साथ उपयोगी पडते.

पुढच्या खेपेला त्या आल्या, तेव्हा तीनदाची मिश्री एकदावर आली होती. दंतवैद्यांनी दातांवरचा थर काढून दिला आहे. कलमाची तारीख मात्र उरलेली एक वेळ सुटल्यावरच मिळेल.