नाकातून मेंदूपर्यंत

२०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ हा शब्द घरोघरी पोचला. खरं तर ही बुरशी काळी नसते. तिने रक्तपुरवठा तोडलेला भाग मरून काळा पडतो. वैद्यकीय नाव म्युकरमायकोसिस. डोळा गमावलेल्यांबद्दल बरंच बोललं गेलं, पण त्याच बुरशीमुळे आलेल्या अर्धांगवायूबद्दल फार कमी.

या बुरशीचे बीजाणू माती, शेणखत, शिळी भाकरी, सगळीकडे असतात आणि निरोगी माणसाला सहसा काही करत नाहीत. मात्र मधुमेह हाताबाहेर गेलेला, त्यात कोरोनासाठी स्टेरॉइड दिलेलं, म्हणजे साखर आणखी चढलेली आणि प्रतिकारशक्ती दबलेली. अशा शरीरात ती नाकातल्या पोकळ्यांत रुजते. तिचा खरा घातकपणा म्हणजे ती रक्तवाहिनीच्या भिंतीतच शिरते. आत गुठळी होते. डोळ्याच्या खोबणीमागे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आहे. बुरशी तिथवर पोचली की ती धमनी अरुंद होते किंवा बंदच पडते. कोरोना बरा झाला म्हणून घरी आलेल्या माणसाचा हात अचानक लुळा पडतो, तो असा.

अशा वेळी नुसते पक्षाघाताचे उपचार पुरत नाहीत. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध हवं, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढायला हवा, साखर आटोक्यात हवी. गाल बधिर होणं, एका बाजूला सूज, नाकातून काळपट स्राव, दुहेरी दिसणं, टाळूवर काळा डाग: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हातपाय लुळे पडले तर थेट रुग्णालय गाठा.