विरारचा पृथ्वी, पालघरचा शार्दूल: खेळाडूचा भाव म्हणजे नेमकं काय?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे आत्ता विरार लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले "अं", "म्हणजे ना" वगैरे काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

या वेळचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. नालासोपाऱ्याहून एका ताईने पाठवला होता. तिचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो, पहाटेच्या गाडीने सरावाला जातो. घरात वाद सुरू आहे. बाबा म्हणतात दहावीनंतर हे बंद, आई म्हणते अजून दोन वर्षं बघू. ताईचा प्रश्न सरळ होता: "दादा, मुलात दम आहे की नाही, हे ओळखायचं कसं?"

मला हा प्रश्न जवळचा आहे. मीही सोळाव्या वर्षापर्यंत किट बॅग घेऊन मालडब्यातून प्रवास केलाय. एका निवड चाचणीत नाव आलं नाही आणि त्याच संध्याकाळी मी ठरवून टाकलं की आपल्यात ते नाही. बरोबर ठरवलं की चूक, कोण जाणे. पण ठरवलं ते एका यादीवरून, एवढं मात्र खरं.

म्हणून आज आपण बघू या की तरुण खेळाडूची वाढ कशी मोजायची आणि बाजारातला त्याचा भाव कसा ठरतो. या दोन गोष्टी एकच नाहीत. हे सांगायला आपल्याच रेल्वे लाइनवरची दोन माणसं पुरेत.

ऑक्टोबर २०१८, हैदराबाद

भारत विरुद्ध वेस्ट इंडिज, दुसरी कसोटी. भारताच्या अकरा जणांत दोघं आपल्याकडचे. सलामीला विरारचा पृथ्वी शॉ, गोलंदाजीत पालघरजवळच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर.

पृथ्वी तेव्हा १८ वर्षांचा. आठवडाभर आधी राजकोटला पदार्पणाच्या कसोटीत त्याने १३४ धावा ठोकल्या होत्या. त्या मालिकेचा मालिकावीरही तोच ठरला. शार्दूलचं पदार्पण या हैदराबादच्या सामन्यात झालं, २७ व्या वाढदिवसाला चार दिवस असताना. त्याने १० चेंडू टाकले, मांडीच्या सांध्याला दुखापत झाली आणि तो बाहेर गेला. त्या सामन्यात पुन्हा गोलंदाजी नाही.

आता समजा, त्या संध्याकाळी तुमच्याकडे एक संघ आहे आणि कोणी विचारलं, "शार्दूल देतो, पृथ्वी द्या." तुम्ही फोन ठेवून दिला असता. मीही ठेवला असता. एक १८ वर्षांचा शतकवीर, दुसरा सत्ताविशीला टेकलेला जखमी गोलंदाज. हा काय सौदा झाला?

पुढे काय झालं ते बघा.

एकच दौरा, दोन निकाल

डिसेंबर २०२०, ॲडलेड. पृथ्वी दोन डावांत ० आणि ४. दोन्ही वेळा त्रिफळा, दोन्ही वेळा बॅट आणि पॅड यांच्यात फट. त्यानंतर तो कसोटी संघातून बाहेर गेला. एकूण कसोट्या ५.

त्याच दौऱ्यात जानेवारी २०२१, ब्रिस्बेन. अर्धा संघ जखमी, म्हणून शार्दूलला दुसरी कसोटी मिळाली. हैदराबादच्या त्या १० चेंडूंनंतर दोन वर्षांहून जास्त काळाने. सामन्यात ७ बळी आणि पहिल्या डावात ६७ धावा. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागीदारी. भारत ती कसोटी जिंकला, मालिकाही जिंकला.

याचा अर्थ शार्दूल मोठा आणि पृथ्वी छोटा, असा नाही. लक्षात एवढंच घ्या की २०१८ मध्ये आपण दोघांची तुलना केली तेव्हा वाढीच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवरचे फोटो शेजारी ठेवले होते.

लवकर पिकणारे, उशिरा पिकणारे

पृथ्वीचा प्रवास तुम्हाला माहीत असेल. विरारहून वांद्र्याच्या मैदानावर वडिलांबरोबर लोकलने जाणारा मुलगा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून ५४६ धावा, वयाच्या चौदाव्या वर्षी. जानेवारी २०१७ मध्ये रणजी पदार्पणात शतक, तेही उपांत्य सामन्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक, कर्णधार म्हणून. प्रत्येक पायरी पहिल्याच उडीत.

शार्दूलचं उलटं. पालघर विरारच्याही पुढे. डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ मध्ये. त्याआधी तिकडच्या मुलांना शटल आणि पॅसेंजर गाड्यांवरच अवलंबून राहावं लागायचं. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं, स्वतःच्या घरी ठेवलं. शालेय सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले होते. पण रणजीच्या पहिल्या मोसमात फार बळी मिळाले नाहीत. मग त्याने वजन उतरवलं, मेहनत घेतली आणि २०१४-१५ च्या मोसमात ४८ बळी काढले.

बाहेरच्या खेळांतही हेच दिसतं. आइस हॉकीतला बचावपटू घ्या. ती जागाच अशी की समोरचा काय करणार हे आधी ओळखावं लागतं, आणि ते अनुभवानेच येतं. स्वीडनच्या निकलास लिडस्ट्रॉमला डेट्रॉइट रेड विंग्जने १९८९ मध्ये ५३ व्या क्रमांकावर निवडलं. एनएचएलमधल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याला पहिल्यांदा मिळाली २००१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी. मग त्याने ती एकूण ७ वेळा जिंकली. विशीत त्याचा भाव कोणी शेवटचा म्हणून लावला असता, तर पस्तावला असता.

ट्रेड म्हणजे काय?

आता बाजाराकडे येऊ. आयपीएलमध्ये खेळाडू दोन मुख्य मार्गांनी संघ बदलतो. एक लिलाव, तो सगळ्यांना माहीत आहे. दुसरा ट्रेड, म्हणजे लिलावाबाहेर दोन संघांनी आपसात केलेला सौदा. यात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो किंवा नुसते पैसे. खेळाडूची संमती लागते, बीसीसीआयची मंजुरी लागते. नवा संघ साधारणपणे चालू रकमेवर त्याला घेतो, आणि ती रक्कम त्या संघाच्या पाकिटातून कमी होते.

नोव्हेंबर २०२५ चं उदाहरण ताजं आहे. राजस्थानचा संजू सॅमसन १८ कोटींवर चेन्नईला गेला. बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. जडेजाची रक्कम १८ वरून १४ कोटी झाली. जडेजा वर्षभरात चार कोटींनी वाईट झाला का? नाही. तो ३७ व्या वर्षात होता आणि चेन्नईला पुढच्या काही वर्षांसाठी यष्टिरक्षक-फलंदाज हवा होता. भाव गरजेचा होता.

म्हणजे भाव ठरवताना संघ साधारण असं विचारतो: ही जागा आमच्याकडे रिकामी आहे का? असा दुसरा माणूस बाजारात किती सहज मिळतो? अजून किती वर्षं खेळेल? आणि आमच्या पाकिटात किती उरलेत?

शार्दूलचा भाव: एक झोका

आता शार्दूलची रक्कम बघा. २०१८ मध्ये चेन्नई, २.६ कोटी. २०२२ मध्ये दिल्ली, १०.७५ कोटी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रेड होऊन त्याच रकमेत कोलकाता. २०२४ च्या मोसमासाठी चेन्नई, ४ कोटी. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात कोणीच घेतलं नाही. मार्च २०२५ मध्ये लखनऊने जखमी खेळाडूच्या जागी २ कोटींना घेतलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा ट्रेड, २ कोटींतच मुंबई.

माणूस तोच. मग १०.७५ चे २ कसे झाले?

कामगिरी खालीवर झाली, हे आहेच. २०२१ च्या मोसमात चेन्नईकडून २१ बळी, २०२३ मध्ये कोलकात्याकडून ११ सामन्यांत ७. पण आणखी दोन कारणं आहेत. २०२२ चा लिलाव मोठा होता, सगळ्यांची पाकिटं भरलेली होती, आणि बॅटिंग येणारा भारतीय वेगवान गोलंदाज हा माल दुर्मीळ. अकरात परदेशी फक्त चार, त्यामुळे असा भारतीय मिळाला तर संघाची घडीच बसते. मग २०२३ मध्ये इम्पॅक्ट प्लेयरचा नियम आला. सामन्यात एक खेळाडू बदलता येऊ लागला. गोलंदाजी झाली की त्याच्या जागी निव्वळ फलंदाज आणा! आठव्या क्रमांकावर थोडी बॅटिंग येणाऱ्याची गरज तिथेच घटली. नियम बदलला, भाव पडला. यात खेळाडूचा काही दोष नाही.

पृथ्वीचा भाव: अपेक्षेचा

पृथ्वीचं गणित वेगळं. २०१८ मध्ये दिल्लीने त्याला १.२ कोटींना घेतलं. २०२१ च्या मोसमात त्याने ४७९ धावा केल्या आणि दिल्लीने त्याला ७.५ कोटींना राखलं. वय २२. ही रक्कम झालेल्या धावांपेक्षा होणाऱ्या धावांची होती. संघ म्हणत होता, हा अजून वाढेल.

मग २०२३ मध्ये ८ सामन्यांत १०६ धावा, २०२४ मध्ये ८ सामन्यांत १९८. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला, तंदुरुस्तीवरून बरीच चर्चा झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. सलामीवीर भारतात रांगेने मिळतात, हीही अडचण.

पण मधल्या काळात काय होतं तेही बघा. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ धावा, मुंबईसाठी रणजीतली सर्वोच्च. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि ऑक्टोबरमध्ये चंदीगडविरुद्ध २२२ धावा काढल्या. डिसेंबर २०२५ च्या लिलावात आधी नाव पुकारलं तेव्हा शांतता, शेवटी दिल्लीनेच ७५ लाखांना घेतलं. तेव्हा वय २६. शार्दूलने पहिली कसोटी खेळली त्याहून जवळपास एक वर्ष कमी!

म्हणून "संपला" हा शब्द मी त्याच्यासाठी वापरणार नाही. एवढंच म्हणेन की त्याच्या नावावर काढलेलं अपेक्षेचं कर्ज बाजाराने परत मागितलं. आता तो झालेल्या कामाच्या भावाने खेळतोय.

मग ताई, वहीत काय लिहायचं?

आता तुझ्या भावाकडे येतो. तो विकला जाणार नाहीये, त्यामुळे भाव सोडून दे. वाढ बघ. एक साधी वही कर आणि चार गोष्टी लिही.

एक, धावा किंवा बळी कोणाविरुद्ध आले. स्वतःच्या वयाच्या मुलांविरुद्ध की एक पायरी वरच्या गटात? चौदाव्या वर्षी उंची आणि ताकद लवकर आलेली मुलं सामने एकहाती जिंकतात. सतराव्या वर्षी बाकीची मुलं त्यांना गाठतात.

दोन, बाद कसा झाला. दर वेळी एकाच पद्धतीने होत असेल आणि सहा महिन्यांनी तसाच होत असेल, तर वाढ थांबली आहे. चूक बदलली असेल, तर पोरगा शिकतोय. नवी चूक ही चांगली बातमी असते.

तीन, किती दिवस मैदानावर होता. दुखापत, आजारपण, कंटाळा, सगळं लिही. न खेळणाऱ्याची वाढ होत नाही.

चार, दुसरं काही येतं का. फलंदाज असेल तर क्षेत्ररक्षण कसं? गोलंदाज असेल तर बॅट धरता येते का? शार्दूलला ब्रिस्बेनमध्ये घेतलं होतं गोलंदाज म्हणून, पण सामना वाचवला त्या ६७ धावांनी.

ही वही वर्षभर ठेव. मग आई-बाबांसमोर बसा आणि एका सामन्यावर नको, वर्षावर बोला. दहावीचा अभ्यासही सोडू नका, बाबांचं तेवढं बरोबर आहे. शिक्षण चालू ठेवूनही खेळ मोजता येतो. आणि वर्षाने वही म्हणाली की वाढ थांबली आहे, तर थांबण्यात कमीपणा नाही. तेव्हा निदान कारण माहीत असेल.

माझ्या हातात अशी वही नव्हती, नुसती एक यादी होती. त्या यादीत एका दिवसाचा भाव लिहिला होता, आणि मी तो आयुष्यभराचा समजलो.

बास, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात, सोसायटीत किंवा मालडब्यात असा कोणी पोरगा-पोरगी असेल, तर हा भाग त्यांच्या घरच्यांना पाठवा. आणि तुमच्या मते ऑक्टोबर २०१८ मध्ये तो सौदा करायला हवा होता का, हे व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. पुढच्या भागात भेटू. उतरताना सांभाळून!