रानपिंगळा : एका पक्ष्याचे स्थळ आणि त्याचे रक्षण

एखाद्या पक्ष्याचे रक्षण करावयाचे, तर तो कोठे राहतो हे प्रथम निश्चित झाले पाहिजे. हे विधान इतके उघड आहे की ते करण्याचीही आवश्यकता भासू नये. तथापि सातपुड्यातील रानपिंगळ्याच्या बाबतीत या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास एक शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या विलंबाचे एक कारण अरण्यात नव्हे, तर संग्रहालयाच्या खणात दडलेले होते.

१८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर प्रदेशात एक लहान घुबड टिपले. पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्यास संग्राहकाचे नाव दिले. १८७७ मध्ये भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना दुसरा नमुना मिळाला. त्यानंतर मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात, शहादे-तळोदे परिसरात, आणखी काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीलायक पुरावा कोठेच मिळेना. एकोणिसाव्या शतकातील अवघे सात नमुने एवढीच काय ती विज्ञानाची पुंजी उरली.

या सात नमुन्यांखेरीज एक आठवा पुरावाही दाखविला जात असे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथे हा पक्षी मारल्याची चिठ्ठी आपल्या नमुन्यास जोडली होती. चिठ्ठीवर विश्वास ठेवावयाचा, तर हा पक्षी विसाव्या शतकातही हयात होता आणि तोही खानदेशाच्या पश्चिमेस बऱ्याच अंतरावर. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली, तेव्हा तो मुळात डेव्हिडसन यांचाच असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नव्या चिठ्ठीसह मांडला गेल्याचे निष्पन्न झाले. हे संशोधन १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खोटी स्थळनोंद ही निरुपद्रवी लबाडी होय, असे समजणाऱ्यांनी या प्रकरणाकडे अवश्य पाहावे. पक्षी जेथे नव्हताच तेथे तो शोधावयास लावण्याचे सामर्थ्य त्या कागदाच्या तुकड्यात होते.

मांडवीची नोंद वगळून केवळ जुन्या खऱ्या स्थळांचा मागोवा घेतल्यावर यश आले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना पूर्वेकडील स्थळांवर काही मिळाले नाही. परंतु २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर हा पक्षी उघड्या फांदीवर उन्हात बसलेला आढळला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

रात्रीच्या अंधारात जे शोधावयाचे, ते भर सकाळी का सापडावे? रानपिंगळा हा बव्हंशी दिवसा वावरणारा पक्षी आहे. गावाजवळच्या वडापिंपळांवर दिसणाऱ्या सामान्य पिंगळ्याशी त्याची गल्लत सहज होते. पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी असतो. छाती गर्द तपकिरी, पोटाचा मध्यभाग पांढरा, पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी आणि पाय विलक्षण दणकट. या पायांचा उपयोग त्याच्या आहारावरून ध्यानात येतो. सरडे व सापसुरळ्या हे त्याचे मुख्य भक्ष्य असून त्यांच्या जोडीस उंदीर, कीटक, बेडूक आणि क्वचित लहान पक्षी असतात.

येथेच अधिवासाचा प्रश्न उपस्थित होतो. डोंगरी पक्षी म्हटले की धुक्याने वेढलेले सदाहरित अरण्य डोळ्यांपुढे येते. आफ्रिकेत केनियाच्या आग्नेय भागातील टाइटा टेकड्यांवर अशा अरण्याचे लहान लहान तुकडे शेतीच्या वेढ्यात उरले आहेत, आणि टाइटा ॲपॅलिस हा चिमुकला पक्षी जगात केवळ तेथेच आहे. त्याचे भवितव्य त्या तुकड्यांच्या सीमारेषेवर वाचता येते. रानपिंगळ्याचे तसे नाही. त्याचे घर म्हणजे मध्यम उंचीवरील शुष्क पानझडी वन : साग, सालई, मधून मधून मोकळी जागा, आणि घरट्यासाठी ढोली असलेले जुने वृक्ष. असे वन पाहणाऱ्यास सामान्य वाटते. ते तोडले तर काही अमूल्य गेले, असे कोणाच्या मनात येत नाही. तळोद्याच्या राखीव वनाचा काही भाग सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी देण्यात आला. बुडालेल्या गावांना जमीन मिळणे न्याय्यच होते. परंतु धरणाची किंमत जमिनीच्या रूपाने एका अरण्याकडून वसूल झाली, हेही खरे. त्याशिवाय वणवे, सरपणासाठी जुन्या झाडांची तोड आणि घुबडाविषयीच्या समजुतींतून होणारी हत्या यांची भर पडते.

पुनःशोधानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी केलेल्या पाहणीत उत्तर महाराष्ट्र व लगतचा मध्य प्रदेश मिळून चार ठिकाणी २५ पक्षी आढळले. पुढे मेळघाट, यावल आणि गुजरातेतील डांग येथूनही नोंदी आल्या. मेळघाट हे व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र असल्याने तेथील पक्ष्यांस वाघाच्या आश्रयाने संरक्षण लाभले आहे. शहादे-तळोद्याकडील पक्ष्यांच्या वाट्यास ते भाग्य नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सूचीत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आला. याचा अर्थ पक्षी वाढले असा करणे चुकीचे होईल; वाढली ती मुख्यतः आपली स्थळांविषयीची माहिती.

या माहितीत सर्वांत अनपेक्षित भर २०१४ च्या ऑक्टोबरात पडली. सातपुड्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला. ठाणे खाडीवर रोहित पाहावयास जाणाऱ्या जुईनगरच्या विद्यार्थ्यास हे वन एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. मुंबईस पाणी पुरविणारे तेथील धरण १८९२ मध्ये पुरे झाले, आणि तलावाच्या पाणलोटासाठी भोवतालचे वन राखले गेले. ते राखणाऱ्यांच्या मनात पाणी होते, घुबड नव्हते. तानसा सातपुड्यातील स्थळांपेक्षा सखल आहे, पाऊसही तेथे अधिक पडतो. तेव्हा शहादे आणि मेळघाट येथील निरीक्षणांवरून बांधलेले अधिवासाचे चित्र अपुरे असले पाहिजे. खानदेश आणि तानसा यांच्या दरम्यानची सागवने, विशेषतः अभयारण्यांच्या बाहेरील, सकाळच्या उन्हात पद्धतशीरपणे धुंडाळल्यावाचून ते पुरे होणार नाही.