कोनंट गार्डन्समधलं तळघर

डेट्रॉईटच्या संगीतावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच मोटाऊन होतं. बेरी गॉर्डीनं घरच्या फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९मध्ये कंपनी काढली, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पुढे दहा-बारा वर्षं अख्खी अमेरिका ती गाणी गुणगुणत राहिली. १९७२मध्ये कंपनी लॉस एंजेलिसला गेली, मागे राहिलेल्या घराचं संग्रहालय झालं. हे इतक्यांदा छापून आलंय की मी वेगळं काय सांगणार? मला ओढ लागली ती त्याच शहरातल्या दुसऱ्या एका घराची आणि तिथल्या तळघरातल्या एका यंत्राची.

कोनंट गार्डन्स ही मूळची शुबाएल कोनंट या गुलामगिरीविरोधी माणसाची जमीन. इथं कृष्णवर्णीय कुटुंबांना घर विकत घेता येई. शहरात इतरत्र ते सहसा जमत नसे. याच वस्तीत जोसेफ 'अँप' फिडलर राहायचा. जॉर्ज क्लिंटनच्या फंक बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा, म्हणजे बऱ्यापैकी नावाचा कलावंत. दौऱ्यावरून आला की गल्लीतल्या हिप हॉपवेड्या पोरांना तो तळघरातली वाद्यं खुशाल हाताळू द्यायचा. त्यातच होता जेम्स यान्सी, जन्म १९७४, जगाला पुढे जे डिला म्हणून माहीत झालेला. फिडलरनं त्याला ठेके बनवून दिले नाहीत. यंत्र दाखवलं आणि म्हणाला, तूच कर.

ते यंत्र म्हणजे आकाई कंपनीचं एमपीसी६०. रॉजर लिन या अमेरिकन माणसानं आखलेलं, जपानी कंपनीनं बाजारात आणलेलं. वर रबराची १६ चौकोनी बटणं. जुन्या रेकॉर्डमधला ढोलाचा एक ठोका, बासचा एखादा तुकडा उचलून बटणावर ठेवायचा, मग बोटांनी वाजवायचं. यंत्र एका बीटचे ९६ भाग करतं आणि बोट नेमकं कुठल्या भागावर पडलं ते लक्षात ठेवतं. बोट चुकलं तर ठोका ओढून जागेवर बसवायची सोयही आहे.

बहुतेक लोक या सोयीवर खूश होते. डिला ती बंदच करून ठेवायचा, अशी दंतकथा आहे. खरी गोष्ट त्याहून मजेची. एकाच ठेक्यात तो एक वाद्य काटेकोर सरळ ठेवायचा, दुसरं झोकात सोडायचा, आणि स्नेअरचा ठोका केसभर आधी सरकवायचा. एकजण रिकाम्या हातानं चाललाय आणि शेजारचा कावड घेऊन, तरी दोघं एकाच वेळी पोचतात, तसं काहीसं. पहिल्यांदा ऐकताना समेची जागा हुकल्यासारखी वाटते. दुसऱ्यांदा मान आपोआप डोलते. फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स'चा ड्रमर क्वेस्टलव्ह, ज्याची ख्याती घड्याळासारख्या हाताची, त्यानं हा झोल शिकायला आपला पक्का हात मोडून घेतला. यंत्राची नक्कल माणसानं करावी, आणि तीही यंत्राच्या बिनचूकपणाची नव्हे! मला या प्रकरणातली सगळ्यात थोर गोष्ट ही वाटते.

१९९४च्या लोलापलूझा दौऱ्यात क्लिंटनचा बँड आणि 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा हिप हॉप गट दोघेही होते. डेट्रॉईटच्या मुक्कामी फिडलरनं पोराची गाठ ट्राइबच्या क्यू-टिपशी घालून दिली. तिथून दारं उघडली. शाळेपासूनचे दोस्त टी-थ्री आणि बाटीन यांच्यासोबतचं 'स्लम व्हिलेज' होतंच. डिला बाहेर पडल्यावर २००२मध्ये त्याच गटाच्या 'टेन्टेड' या गाण्यात ड्वेले हा शहरातलाच सोल गायक गायला. २००१च्या 'वेलकम टू डेट्रॉईट' या अल्बममध्ये तर डिलानं गावातल्या रॅपरांना आणि वादकांना एकाच पंगतीला बसवलं. आणि फिडलरचा स्वतःच्या एकट्याच्या नावाचा पहिला अल्बम २००४ साली आला, त्यात शिष्याचा हात होता.

इथवर सगळं गोड. पण ही देवाणघेवाण तोंडी चालते, आणि पैसे मिळतात कागदावर. मोटाऊनच्या रेकॉर्डांवर वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सची नावं १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'पर्यंत छापलीच जात नसत. डिलाचंही बरंचसं काम 'द उम्मा' या सामायिक नावाखाली गेलं. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा वापरायचा तर रेकॉर्डच्या मालकाची आणि गाणं रचणाऱ्याची, अशी दोघांची परवानगी लागते. तळघरात बसून कोण एवढं करणार? १० फेब्रुवारी २००६ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, रक्ताच्या दुर्मीळ विकारानं आणि ल्युपसनं डिला लॉस एंजेलिसमध्ये वारला. त्याचा 'डोनट्स' हा अल्बम येऊन तीन दिवस झाले होते. अर्धवट राहिलेला 'द शायनिंग' डेट्रॉईटच्याच करीम रिगिन्स या ड्रमरनं पुरा केला. घरच्यांच्या वाट्याला आलं कर्ज आणि वारसाहक्काचे लांबलेले वाद.

बाटीन २००९मध्ये गेला, फिडलर डिसेंबर २०२३मध्ये. १९५०मध्ये १८.५ लाख वस्तीचं शहर २०२०मध्ये ६.४ लाखांवर आलं, मधे २०१३मध्ये पालिकेनं दिवाळंही जाहीर केलं. डिलाचं पुढचं यंत्र, एमपीसी३०००, त्याच्या आईनं वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयाला दिलंय. ते योग्यच झालं, पण एका नावाचं यंत्र जपणं सोपं असतं. गल्लीतल्या पोरांना तळघर उघडं ठेवणाऱ्या माणसाचं काय जपणार?

'वेलकम टू डेट्रॉईट' कुठल्याही ॲपवर मिळेल. ऐका, आणि ऐकताना कोणी काय वाजवलंय त्या नावांची यादी शोधून वाचा.